वेचणीचा हात

‘नाचता येईना, अंगण वाकडं’ ही म्हण मराठी मुलांना शाळेत शिकवली जाते ती नाचणारीच्या फजितीसाठी. तिला येत नव्हतं, म्हणून तिने जमिनीवर ढकललं. अर्थ लिहा, वाक्यात उपयोग करा, दोन गुण. अंगण खरोखर वाकडं होतं का, हे मात्र कुणी जाऊन पाहिल्याचं ऐकिवात नाही. ही म्हण नाचणारीची नाही, अंगणाचीही नाही. ती ओसरीवर बसून बघणाऱ्या तिसऱ्याच माणसाची आहे, आणि त्याला नाचता येतं की नाही, हा प्रश्न म्हणीत निघतच नाही.

बाळापुरात वाकडं अंगण शोधायला लांब जावं लागत नाही. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमाजवळचं हे गाव. उंचवट्यावर किल्ला, औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने सुरू केलेला आणि १७५७ साली एलिचपूरचा नवाब इस्माईलखान याने पुरा केलेला. त्याचा आतला कोटसुद्धा पाच कोनांचा. नदीकडे उतरणाऱ्या गल्ल्यांत घराचं दार एका पातळीवर आणि अंगणाचं दुसरं टोक वीतभर खाली, हे चालायचंच. आता अंगण करतं कोण? मुरूम आणून टाकायचा, धुम्मसाने चोपायचा, शेणाने सारवायचं, पहाटे सडा घालायचा, ही सगळी कामं घरच्या बाईची. म्हणजे म्हणीतल्या बाईने ‘अंगण वाकडं’ म्हटलं, तर ऐकणारा तिलाच विचारणार, मग नीट का नाही केलंस? नाच चुकला तरी तिचा दोष, जमीन चुकली तरी तिचाच. म्हण वरवर दिसते तेवढी साधी नाही.

शिवाय ती बायकांच्या नाचाबद्दल फारसं जाणूनही नाही. फुगडीचंच घ्या. दोघी हातांची कैची करून, पायाची बोटं बोटांना भिडवून मागे रेलतात आणि मग फिरतात. रेललेलं अंग एकटीला पेलत नाही. एकीने हात सोडला की दोघी पडल्या. उताराच्या अंगणात हा फेर हळूहळू खालच्या अंगाला सरकत जातो, आणि मुरलेल्या फुगडीवाल्या वरच्या बाजूला थोडा जास्त जोर देऊन तो जागेवर ठेवतात. कुठे किती उतार आहे हे त्यांच्या तळव्यांना कळतं. गणपतीनंतरच्या भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडातल्या मुली भुलाबाईची गाणी म्हणत घरोघर फिरतात. त्यांनाही प्रत्येक घराचं अंगण वेगळं मिळतं. तक्रार केल्याचं ऐकलेलं नाही. त्यांना झाकून ठेवलेला खाऊ ओळखण्याची घाई असते.

मग तमाशातल्या विठाबाई नारायणगावकर. १९३५ साली जन्मलेल्या, भाऊ मांग नारायणगावकर यांच्या कन्या. २००२ साली गेल्या. राज्य सरकार आज तमाशातल्या कलावंतांना त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. त्यांची एक हकीकत महाराष्ट्रात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ती ऐकताना आता कुणी दचकत नाही. दिवस भरलेले असताना त्या फडात नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, कनातीमागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि परत बोर्डावर उभ्या राहिल्या. ही गोष्ट कलेच्या निष्ठेची म्हणून सांगतात. तशी ती असेलही. पण जिथे बाईला बाळंतपणाची सवडही मिळू नये त्या अंगणाला काय म्हणायचं, हे सांगणारा सहसा सांगत नाही. आणि ‘अंगणच वाकडं होतं’ असं म्हणावं, तर विठाबाईंच्या पायातलं सगळं कर्तृत्व एका वाक्यात पुसलं जातं. उरते फक्त सोसणारी बाई. त्या तशा नव्हत्या. त्यांना नाचता येत होतं, आणि अंगणही वाकडं होतं. दोन्ही एकदम खरं असलं तर काय म्हणायचं, ते या म्हणीला ठाऊक नाही.

याच दुखऱ्या जागेवर मराठीत एक जुना वाद आहे. पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, ब्राह्मणपण सोडून तमाशात आले. त्यांच्या फडाची जान होती पवळा, संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची, महार समाजातली. बापूराव तमाशाच्या कमाईतली रक्कम बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीला द्यायला गेले आणि बाबासाहेबांनी ती नाकारली, असं सांगितलं जातं. समाजाच्या लेकी नाचवून आलेला पैसा नको, हे त्यामागचं कारण. म्हणजे अंगण वाकडं आहे हे नाचणारीच्या बाजूने ठणकावून सांगणारा माणूसही झाला. पण त्याचं पुढचं वाक्य होतं, नाच सोड. पवळा १९३९ साली गेली. त्या नकारावर तिचं म्हणणं काय होतं, ते कुणी टिपून ठेवलं नाही.

शैलजा पाईक यांनी हाच गुंता धरून पुस्तक लिहिलं. ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ २०२२ साली आलं. त्या पोहेगावच्या, पुण्यात येरवड्याला वाढलेल्या, आता सिनसिनाटी विद्यापीठात इतिहास शिकवतात. २०२४ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. तमाशातल्या दलित बाईला समाज अश्लील ठरवतो, तिच्याच नाचावर मराठीपणाचा झेंडा उभारतो आणि तिच्या माणूसपणाचा प्रश्न आला की तिला नाच सोडायला सांगतो, या तिन्ही गोष्टी त्या एकाच पानावर आणतात. पुस्तक वाचून म्हण सुटत नाही. उलट ओसरीवर बसलेल्या माणसांची संख्या वाढते.

आता अमेरिकेतलं एक अंगण. ४ मे १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये ज्युडिथ जेमिसन ही उंचीपुरी नर्तकी रंगमंचावर एकटी आली. नाचाचं नाव ‘क्राय’. रचना ऑल्विन एली यांची, आईच्या वाढदिवसाची भेट म्हणून केलेली आणि सगळ्या काळ्या बायकांना, त्यातही आयांना, अर्पण केलेली. साधारण सोळा मिनिटं ती एकटीच नाचते. अंगात पांढरा वेश, झालरीचा लांब घागरा, हातात लांबलचक पांढरं कापड. ते कापड ती आधी नैवेद्याच्या ताटासारखं समोर धरते. मग जमिनीवर टाकते, गुडघ्यांवर बसते आणि फरशी पुसायला लागते. तेच कापड पुढे शाल होतं, डोक्याला गुंडाळलेला फेटा होतं. बाई आधी अंगण पुसते आणि मगच त्यावर नाचते, एवढं एक दृश्य आपल्या म्हणीत घालून पाहिलं तर ओसरीवरच्या माणसाला थोडं सरकून बसावं लागेल.

जेमिसन पुढे १९८९पासून २०११पर्यंत एलींच्या नृत्यकंपनीच्या प्रमुख होत्या. २०२४च्या नोव्हेंबरात त्या गेल्या. काळ्या बाईचं असणं नाचात आणणाऱ्यांची रांग मोठी आहे. जावोले विला जो झोलार यांनी १९८४ साली ‘अर्बन बुश विमेन’ काढली, आणि बॅलेच्या शाळा ज्या नितंबांना आत घ्या म्हणतात त्यांनाच पुढे आणलं. कॅमिल ब्राऊन यांनी २०१५ साली ‘ब्लॅक गर्ल : लिंग्विस्टिक प्ले’ केलं. त्यात गल्लीतल्या काळ्या मुलींचे टाळ्यांचे खेळ आहेत, दोन दोरांवरच्या उड्या आहेत. भुलाबाई खेळलेल्या बाईला तो नाच समजावून सांगावा लागणार नाही. पण ‘क्राय’ रचणारा पुरुष होता, मुलगा होता. आईवरच्या सगळ्या मराठी कविता आठवल्या की याचं नवल वाटत नाही. थोडी धास्ती मात्र वाटते.

ऑल्विन एली १९३१ साली टेक्सासमधल्या रॉजर्स नावाच्या गावी जन्मले. आई लूला. ती कापूस वेचायची, आणि लहानगा ऑल्विनही तिच्याबरोबर शेतात असायचा.

इथे खरं तर नाचाबद्दलचा मजकूर पुढे जायला हवा होता. पण बाळापूर, पारस, खामगाव या पट्ट्यात ज्याने दिवाळीनंतरचे महिने पाहिले आहेत, त्याला ‘कापूस वेचायची’ या दोन शब्दांच्या पुढे पटकन जाता येत नाही. पहिल्या वेचणीला शेतात सीतादही होते, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मग बायका ओळीने पऱ्हाटीत शिरतात. कमरेला लुगड्याचं किंवा फडक्याचं ओटं बांधलेलं. कंबर वाकलेली, पण पूर्ण नाही, अर्धी. पूर्ण वाकणं परवडतं, अर्धं वाकून तासन्‌तास उभं राहणं नाही. दोन्ही हात वेगवेगळ्या बोंडांवर. बोंडाच्या टोकदार सुकल्या पाकळ्या नखाखाली जातात, म्हणून तीन बोटांनी रुई अशी ओढायची की पाकळी हाताला लागू नये आणि पातीचा कचरा कापसाला लागू नये. मूठ भरली की मागे न बघता ओट्यात. दुपारपर्यंत ओटं पुढे लोंबायला लागतं, तोल पुढे जातो, तो सांभाळायला पाठ मागे खेचावी लागते. संध्याकाळी धुऱ्यावर वजन आणि किलोच्या भावाने मजुरी. कंबरेचा काटा ढिला झाला म्हणतात तो इथे.

या हाताची हालचाल कुणी लिहून ठेवली आहे का? एक नोंद आहे, पण ती बाळापूरची नाही. सॉलोमन नॉर्थप हा न्यूयॉर्कचा स्वतंत्र काळा माणूस पळवून नेला गेला आणि लुईझियानात बारा वर्षं गुलाम म्हणून राबला. सुटल्यावर १८५३ साली त्याचं पुस्तक आलं. त्यात पॅट्सी नावाची गुलाम मुलगी आहे. साधारण वेचणाऱ्याकडून दिवसाला २०० पौंड मागितले जात, पॅट्सी ५०० वेचायची. नॉर्थप तिच्या बोटांच्या विजेसारख्या वेगाचं वर्णन करतो, शेतात तिच्या तोडीचं कुणी नव्हतं म्हणतो. त्याच पुस्तकात मालकाने तिला किती आणि कसं फोडून काढलं तेही आहे. उत्तम बोटं आणि चाबूक एकाच देहावर. विठाबाईंच्या हकिकतीत जे गिळलं जातं, ते नॉर्थपने गिळलं नाही.

त्याच १८५३ साली इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड आपल्या कारभाराखाली घेतलं. कापूस हे त्यामागच्या हिशेबातलं मोठं कलम होतं. आठ वर्षांनी अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्या वखवखल्या आणि वऱ्हाडच्या पऱ्हाटीला सोन्याचा भाव आला. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ म्हणायचं ते आपण भूषणाने. रेल्वे आली, खामगावचा बाजार गाजला, १८७० साली तिथे फाटा काढून लॉर्ड मेयोच्या हस्ते उद्घाटनही झालं. त्या भरभराटीमागे धान्याखालची जमीन कशी गेली आणि त्या शतकाच्या शेवटच्या दशकांतले दुष्काळ वऱ्हाडला कसे भोवले, ते लक्ष्मण सत्या यांनी १९९७च्या पुस्तकात मांडलं आहे. एवढ्या सगळ्यात एक गोष्ट कुणी मांडत नाही, कारण ती कागदावर नाहीच. पॅट्सीच्या पिढीतल्या बायकांच्या हातून जे काम क्षणभर सुटलं, ते बाळापूरच्या आसपासच्या बायकांच्या हातात येऊन पडलं. बोंड तेच, अर्धी वाकलेली कंबर तीच. दोघींना एकमेकींचा पत्ताही नव्हता.

कागदावरची नाती आपल्याला चांगली पाठ आहेत. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तीच तिथल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. अर्पणपत्रिका, पत्र, संघटनेचं नाव. सगळं पुरुषांचं, सगळं अक्षरांचं. वेचणीच्या हातातून गेलेलं नातं त्याहून जुनं आहे, आणि ते वाचायला नाचाशिवाय दुसरी लिपी नाही, असं एक सुरेख वाक्य इथे सुचतं.

सुचतं, आणि लगेच त्याच्याबद्दल शंका येते. पॅट्सी विकत घेतलेली होती. बाळापूरच्या शिवारातली बाई रोजाने जाते, भाव पटला नाही तर दुसऱ्याच्या शेतात जाते, आणि कधी तिचं स्वतःचं दोन एकर असतं. दोघींची कंबर लांबून सारखी दिसते. जवळ गेलं की एकीच्या पोराला बाजारात उभं करता येतं, दुसरीच्या नाही. वेचणाऱ्या बायकांतही कुणबी, बौद्ध, मुसलमान, बंजारा असा भेद असतो, आणि तो पाणी पिताना अजूनही कुठे कुठे कळतो. शेतमालकाच्या घरात बसून ‘हा हात जगभर एकच’ म्हणणाऱ्याने आधी स्वतःची बसायची जागा तपासावी. ओसरी तीच, फक्त आता तिथून कौतुक होतं आहे.

शिवाय काळी बाई शोधायला वऱ्हाडाने टेक्सासला का जावं? १६१६ साली शहानवाज खानाची मोगली फौज निघाली ती बाळापुरातून, आणि रोशनगावला तिने ज्याला हरवलं तो मलिक अंबर हबशी, आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला आणि निजामशाहीचा कर्ता झालेला. जहांगीर त्याच्या रंगावरून त्याला शिव्या देतो. अबुल हसनने काढलेल्या चित्रात बादशहा भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. खऱ्या आयुष्यात हे त्याला कधीच जमलं नाही. अंबरची बायको बीबी करीमा खुलताबादला आहे. तिची कबर आहे, गोष्ट नाही. आणि आज उत्तर कन्नडात, यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या रानात सिद्दी वस्त्या आहेत. घरात कोकणी वळणाची बोली, बाहेर कन्नड, आणि हल्याळच्या अंगाला मराठीही. २००३ साली त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. दमाम नावाचा ढोल घुमतो आणि बाया-पुरुष नाचतात. त्यांच्या बायकांच्या नाचात फुगडीही आहे. आफ्रिकेच्या लेकी मराठीच्या उंबऱ्यावर फुगडी घालतात, आणि मराठी नियतकालिकं न्यूयॉर्कच्या पांढऱ्या कापडावर लिहितात. हा आरोप या मजकुरालाही लागू आहे.

तरी ते पांढरं कापड डोळ्यांसमोरून जात नाही. त्यामुळे आणखी एका बाईबद्दल लिहावं लागतं. पर्ल प्रायमस, त्रिनिदादमध्ये १९१९ साली जन्मलेली, उंच उड्यांसाठी गाजलेली. न्यूयॉर्कमध्ये नाव झाल्यावर १९४४ साली ती अमेरिकेच्या दक्षिणेत गेली, वाट्याने शेती करणाऱ्या काळ्या कुटुंबांत राहिली, मजुरीण होऊन कापूस वेचला, चर्चमध्ये बसून लोक कसे डुलतात ते पाहिलं, आणि ते सगळं अंगात घेऊन परत आली. तिला बोंड टोचलं होतं. ‘क्राय’पेक्षा तिचा हक्क जास्त, असं म्हणावंसं वाटतं. पण ती परत जाऊ शकत होती. बाकीच्या नव्हत्या. आणि एलींना तर आईने लहानपणीच शेतात नेलं होतं, तिथे हक्काचा प्रश्न उलटा फिरतो.

त्याच १९४४च्या २ ऑक्टोबरला मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सनच्या मळ्यात कापूस वेचणारी लाल यंत्रं लोकांसमोर चालवून दाखवली गेली. माणूस तासाला २० पौंड वेचत असेल तर यंत्र हजार. दोन-तीन दशकांत तिथला वेचणीचा हात संपला आणि लाखो काळी माणसं उत्तरेच्या शहरांत गेली. वऱ्हाडात ते यंत्र रुळलेलं नाही. इथे पऱ्हाटी पसरते, बोंडं एकदम फुटत नाहीत, तीन-चार वेचण्या कराव्या लागतात, शेतं लहान आणि पावसावरची. त्यामुळे उलंगवाडीपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, बायाच लागतात.

यावरून असं म्हणता येईल की काम संपलं तेव्हाच त्याचा नाच झाला, आणि आपल्याकडे काम चालू आहे म्हणून त्याचा नाच नाही. जेमिसनने कापड उचललं तेव्हा टेक्सासच्या शेतांत वेचणाऱ्या बायका जवळजवळ उरल्या नव्हत्या; बाळापुरात ते कापड अजून ओट्याच्या कामात आहे. हिशेब जुळतो. फक्त प्रायमस त्यात बसत नाही, तिने यंत्र येतानाच, काम चालू असतानाच ते नाचवलं. कोळ्यांचा नाचही बसत नाही, होड्या अजून समुद्रात जातात आणि वल्हवणं केव्हाच स्नेहसंमेलनात आलं. मग वेचणीच का राहिली? कोळ्यांच्या नाचात पुरुष आहेत म्हणून? वल्ह्याला लय आहे आणि वेचणीला नाही म्हणून? पण वेचणीला लय असते, दोन हातांची वेगवेगळी. की ओळीने चालणाऱ्या बायकांना स्वतःलाच ती हालचाल पुन्हा, फुकट, कुणासमोर करून दाखवावी असं वाटत नाही, हेच त्यांचं म्हणणं आहे, आणि ते कुणी अजून विचारलेलं नाही?

विचारलं तरी मजुरीच्या वेळात विचारावं लागेल, आणि त्या वेळाचे पैसे कोण देणार, हाही मुद्दा निघेल.